जुनी जीप आणि तिची उंची

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या वाटेला लागून बीरगांव आहे. आता ते स्वतंत्र महानगरपालिकेचे गाव झाले असून त्याच्या शेजारीच उरल्याची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. लोखंडाच्या पट्ट्या, सळया आणि कोन ओढणाऱ्या गिरण्या, मालमोटारींचे तळ आणि त्या मालमोटारींवर पोट भरणारी लहानमोठी दुरुस्तीची दुकाने हा या भागाचा नित्याचा देखावा होय. पोलाद हाताशी आहे, जोडकाम करणारा कारागीर हाताशी आहे, आणि गिरण्यांची धुराडी मागे टाकली की थोड्याच अंतरावर भाताची खाचरे लागतात. अशा ठिकाणी जुनी जीप बाळगणाऱ्या माणसाच्या मनात एक विचार हटकून येतो. जीप चार बोटे उंच करून घेतली तर पावसाळ्यातही ती शेतापर्यंत जाईल, आणि त्यासाठी लागणारे सर्व सामान तर येथेच मिळते.

हा विचार मुळात चुकीचा नाही. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतो: कन्हार, मटासी, डोरसा आणि भाठा. भाठा म्हणजे मुरमाड माळ. त्यावर कोणतीही गाडी चालेल. कन्हार मात्र काळी, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. आषाढात तीमधून ट्रॅक्टर गेला की दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये मातीचा उंचवटा उरतो. जीपची चाके त्या चाकोऱ्यांत उतरतात, पोट मधल्या उंचवट्यावर टेकते आणि चारही चाके जागच्या जागी फिरत राहतात. मग बैल आणावे लागतात. असा प्रसंग दोनदा आला की गाडी उंच करण्याची गोष्ट निघणारच.

जीप हे वाहन मराठी माणसाच्या परिचयाचे आहे, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र आणि महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने विलीजच्या परवान्याने या गाड्या जोडण्यास आरंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यापाड्यांतील नेहमीचे दृश्य झाले. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि रायपूर त्याच राज्यात होते; तेव्हा नागपूरहून निघालेल्या अधिकाऱ्यांच्या फिरतीच्या गाड्या या मुलुखाला नवख्या नव्हत्या. सरकारी सेवेतून निवृत्त झालेली जीप लिलावात खाजगी माणसाकडे जाई, आणि सरकारी कामाहून दुप्पट कष्ट तेथे उपसत असे. आजही रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या जीपगाड्यांचा सांगाडा मुळात त्याच घराण्यातील आहे.

या सांगाड्याची बैठक कशी आहे, हे नीट पाहिल्याखेरीज उंचीचा प्रश्न कळणार नाही. शेतातल्या खाचराला कमान नसते. चाक दगडावर चढले की गाडीवानाच्या मणक्याला त्याची खबर लागते. टांग्याला कमान असते. पोलादाचे पातळ पाटे एकावर एक रचून मधोमध आवळले म्हणजे कमान तयार होते. ओबडाया एलियट नावाच्या इंग्रज कारागिराने १८०४ साली घोडागाडीसाठी अशा कमानींचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून आजपर्यंत या यंत्रात तत्त्वतः फारसा फरक पडलेला नाही. जीपला अशा चार कमानी असतात. प्रत्येक कमानीचे एक टोक चॅसीला खिळीने पक्के जोडलेले असते आणि दुसरे टोक शॅकल नावाच्या दोन लहान पट्ट्यांच्या झुल्यावर लोंबते. कमान दबली की तिची लांबी वाढते. ती वाढ सामावून घेण्यासाठी हा झुला असतो. मध्यभागी चाकांचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी कमानीशी आवळलेला असतो.

येथे जीप आणि मालमोटार यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मालमोटारीत कमान सामान्यतः आसाच्या वर बसते. जुन्या जीपमध्ये ती आसाच्या खाली बांधलेली असते. बसकी, स्थिर आणि रणांगणावर सहज न दिसणारी गाडी हवी होती, त्या हेतूशी ही रचना जुळणारी आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे होणारी एक चूक मोठी गमतीची आहे. मालमोटारीचा मागचा भाग उंच करण्यासाठी कमान आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात. तोच उपाय कोणी जीपला केला, तर ठोकळा कमानीला आणखी खाली ढकलतो, आणि कमानीवर टेकलेली गाडी उंच होण्याऐवजी बसते! जेथे कमान आसाच्या वर आहे तेथेही हा ठोकळा फक्त मागच्या आसालाच घालावा, आणि एकावर एक ठोकळे कधीही रचू नयेत. पुढच्या आसावर ब्रेक लागताना जो पीळ पडतो, तो अशा ठोकळ्याला उपटून काढू शकतो.

मग जीप उंच करावयाची कशी? घरगुती उपायांत सर्वांत प्रिय उपाय शॅकल लांब करण्याचा. जुन्या पट्ट्या काढावयाच्या, गिरणीतून आणलेल्या जाड पट्टीचे लांब तुकडे करावयाचे, भोके पाडावयाची आणि बसवावयाची. एका दुपारचे काम. परंतु येथे पहिला हिशेब चुकतो. कमानीचे एकच टोक शॅकलवर आहे आणि आस मध्यभागी आहे. कावडीचे एक टोक दोन वितींनी उचलले तर तिचा मध्य एकच वीत उचलला जातो, त्याप्रमाणे शॅकल २ इंच लांब केली की गाडी १ इंचच वर येते. ज्याला ४ इंच हवे आहेत त्याला शॅकल ८ इंचांनी लांब करावी लागेल. इतक्या लांब दोन सुट्या पट्ट्या वळणावर पत्त्यांच्या घरासारख्या एका बाजूस कलतात. त्यांना मधोमध आडवा दुवा घालून चौकट केली तर हा दोष कमी होतो. नाहीसा मात्र होत नाही. म्हणून जाणते कारागीर शॅकलची वाढ इंच-दीड इंचाच्या पुढे नेत नाहीत.

पुढच्या शॅकलची गोष्ट आणखी नाजूक आहे. जीपच्या पुढच्या कमानीचे पक्के टोक मागे आणि शॅकल पुढे असते. ती लांब केली की कमान पुढून खाली झुकते, तिच्यासोबत आसही पुढे कलतो, आणि ज्या खिळीभोवती पुढची चाके वळतात तिचा मागे असलेला कल कमी होतो. सायकलीचा पुढचा दांडा किंचित मागे कललेला असतो, म्हणूनच ती हात सोडूनही सरळ चालू शकते. मोटारीतही वळलेले चाक आपोआप सरळ होते ते याच कलामुळे. तो कमी झाला की सुकाणू हलके लागते, पण वेगात गाडी रस्ता धरीत नाही. चालकाला वाटते की सुकाणूचे सांधे झिजले, आणि तो निष्पाप सांध्यांवर पैसे खर्च करीत राहतो. आस आणि कमान यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची योग्य कोनाची पट्टी बसविली म्हणजे हा कल परत मिळतो. पण आधी दोष कोठे आहे हे कळले पाहिजे.

दुसरा उपाय म्हणजे कमानीत एखादा जादा पाटा घालणे. याने उंची मिळते, पण कमान ताठ होते. पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. म्हणून मालमोटारीचा जाड पाटा कापून जीपच्या कमानीत घुसविला तर जीप उंच दिसेल खरी, परंतु ती खाचराइतकी कडक होईल. आणि येथेच मूळ हेतूवर पाणी पडते. खाचखळग्यांच्या वाटेवर जीप पुढे जाते ती चारही चाके जमिनीला चिकटून राहिली तर. कमानी लवचिक असतील तर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे ढेकळावर असूनही दोन्ही भूमीवर टेकतात. कमान ताठ असेल तर एक चाक अधांतरी राहते; आणि साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की जे चाक मोकळे आहे त्यालाच तो फिरवीत बसतो. हवेत फिरणाऱ्या चाकाने गाडी पुढे जात नाही. उंच केलेली जीप मूळच्या जीपहून लवकर अडकली, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

तिसरा उपाय सर्वांत धाडसी. कमान आसाच्या खालून काढून वर बसवावयाची. आसाच्या नळीची जाडी आणि कमानीची जाडी मिळून ४ ते ५ इंच एकदम मिळतात, कमानी मूळच्याच राहिल्याने लवचिकपणा टिकतो, आणि म्हणून देशोदेशीच्या जीपशौकिनांत ही पद्धत मान्यता पावलेली आहे. पण या एका बदलाच्या मागून बदलांची रांग लागते. आसाच्या नळीवर वरच्या बाजूस कमानीसाठी नव्या बैठका जोडाव्या लागतात. त्यांचा कोन एकदा चुकला की जोड कापून काढण्यावाचून गत्यंतर नसते. आस आता गाडीपासून दूर गेल्यामुळे गिअरपेटीकडून आसाकडे जाणारा फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, अधिक तिरपा होतो आणि त्याला लांबीही अधिक लागते. मध्ये असलेल्या सरकत्या जोडात पुरेशी लांबी उरली नाही तर चाक खड्ड्यात उतरताच तो निसटण्याची भीती असते.

या दांड्याच्या दोन्ही टोकांना जे क्रॉस असतात त्यांचा एक चमत्कारिक गुण आहे. तिरपा क्रॉस फिरताना त्याच्या पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एका क्रॉसचा दोष दुसरा फेडतो आणि आसाला एकसारखी गती मिळते. कोन विषम असतील तर सारी गाडी थरथरते, आणि काही दिवसांतच क्रॉसचे बेअरिंग कोरडे पडून किंचाळू लागते. अशी थरथर ऐकून चाकांचा तोल करून घेणारे पुष्कळ असतात. तोल मात्र चाकांत गेलेला नसतो.

सुकाणूच्या दांडीचेही तेच. सुकाणूपेटीपासून चाकाकडे जाणारी दांडी मूळ रचनेत जवळजवळ आडवी असते, म्हणून चाक खालीवर झाले तरी ती फारशी ओढली जात नाही. गाडी उंच झाली की दांडी उताराला लागते, आणि चाकाने खड्डा खाल्ला की सुकाणू आपोआप वळते. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी याहूनही महत्त्वाची. जॅक लावून चॅसी उचलावी, चाके पूर्ण लोंबू द्यावीत, सुकाणू दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवावे, आणि त्या अवस्थेतही नळीला ढील आहे की नाही हे हाताने चाचपून पाहावे. नळी ताणली जात असेल तर गाडी त्या दिवशी दुकानाबाहेर काढू नये. शॉकअब्सॉर्बर आखूड पडत असेल तर चाकाचा सारा झोला त्याच्या कानावर येतो आणि कान तुटतो. तोही मोजून लांब घ्यावा.

पोलादासंबंधी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण बीरगांवसारख्या ठिकाणी लोखंड फार सहज मिळते आणि सहज मिळणाऱ्या वस्तूची पारख करण्याचा कंटाळा येतो. गिरणीतील साधी पट्टी म्हणजे मऊ पोलाद. तिची शॅकल करता येईल, परंतु पट्टी पुरेशी जाड हवी आणि भोके गॅसच्या ज्योतीने न पाडता ड्रिलने पाडलेली हवीत. ज्योतीने पाडलेले भोक वाकडे असते आणि त्याची कड जळून ठिसूळ होते. मऊ पोलादाचा पाटा मात्र कधीच होत नाही. पाट्याचे पोलाद निराळे. त्यात कार्बनाबरोबर सिलिकॉन आणि मँगनीजही असते. ते लालभडक तापवून तेलात बुडवितात, आणि नंतर पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतो, ते हेच. असे पाणी दिलेला पाटा वाकविण्यासाठी पुन्हा भट्टीत घातला की ते पाणी उतरते. दिसावयास पाटा सुरेख वाकलेला असतो, पण दोन महिन्यांत तो पुन्हा सपाट होतो. म्हणून चांगला कमानमिस्त्री पाटा थंडच ऐरणीवर ठेवतो आणि घणाचे मापाचे ठोके देत टोकापासून टोकापर्यंत त्याला वळण आणतो. हे काम पाहण्यासारखे असते.

पाट्याला जोडकाम तर मुळीच लावू नये. गाडीच्या भाराने कमान सपाट होऊ लागते, तेव्हा तिच्या वरच्या, म्हणजे आतल्या वळणाच्या पृष्ठावर ताण पडतो. त्या पृष्ठावर जोडकामाचा एक ठिपका किंवा घणाचा एक खोल वण पडला तरी तेथून तडा सुरू होतो. तडा केसाएवढा असताना कोणाला दिसत नाही. आणि मुख्य पाटा तुटला की आस एका बाजूने मागे सरकतो व गाडी स्वतःच दिशा बदलते. यू-बोल्टांविषयीही असाच निष्काळजीपणा आढळतो. एकदा आवळून ताणलेले यू-बोल्ट काढले की परत वापरू नयेत, आणि दुकानातून आट्यांची सळई आणून ती तापवून वाकविण्याची युक्ती तर प्राणावर बेतणारी आहे. साध्या बोल्टांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. तो त्यांच्या ताकदीचा दाखला होय. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याच्या ताकदीची हमी कोणी दिलेली नाही.

आता उंचीचा खरा दोष. जुन्या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर सुमारे ४८ इंच असते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २६ इंचांवर आहे असे उदाहरणासाठी धरू. अर्धे अंतर २४ इंच. २४ ला २६ ने भागले असता ०.९२ येतात. गाडी ४ इंच उंच केल्यावर तेच प्रमाण ०.८० होते. म्हणजे जी जीप सुमारे ४३ अंश कलेपर्यंत उभी राहिली असती, ती आता ३९ अंशांवरच कोसळेल. हा फरक लहान वाटतो. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड याच मोजमापाने सुमारे ०.७ ते ०.८ असते. याचा अर्थ असा की अचानक वळण घ्यावे लागले तर मूळची जीप उलटण्यापूर्वी घसरते, आणि घसरणारी गाडी सावरता येते. उंच केलेल्या जीपच्या बाबतीत घसरणे आणि उलटणे यांमधील ती फट जवळजवळ बुजून जाते; कमानीच्या झुकण्याने आणि मागे उभ्या असलेल्या माणसांच्या वजनाने उरलीसुरली फटही संपते. आठवड्याच्या बाजाराहून माणसे भरून परतणारी जीप वळणावर आडवी होते, तेव्हा दोष बहुधा चालकाला दिला जातो.

शिवाय एवढे सर्व करून शेतातील मूळ अडचण दूर होते काय? कमानींनी उचलले जाते ते गाडीचे अंग. आसाच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा आसाबरोबर होता तेथेच राहतो, आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर बहुधा तोच प्रथम टेकतो. तो उचलण्याचा मार्ग एकच, मोठे टायर. ६.०० बाय १६ च्या जागी ७.०० बाय १६ मापाचे टायर घातले तर आस सुमारे १ इंच वर येतो. हा एक इंच कमानींच्या चार इंचांहून अधिक उपयोगी पडतो. कमानींची उंची कामास येते ती मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा करून देण्यापुरती. मोठ्या टायरने गाडीचा ओढ थोडा कमी होतो आणि वेगदर्शकाचा काटा खऱ्या वेगाहून कमी वेग दाखवू लागतो, तेवढे लक्षात ठेवावे.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेपासून दूर जाईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती नवी करताना गाडी तपासणीस न्यावी लागते, आणि हातभर लांबीच्या शॅकल तेथे लपत नाहीत. अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच मुद्दा पुढे करते.

तेव्हा जुन्या जीपच्या मालकाने प्रथम एक साधे काम करावे. गाडी सपाट फरशीवर, रिकामी, चारही टायरांत योग्य हवा भरून उभी करावी आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहावे. डावी-उजवी बाजू बहुधा सारखी भरत नाही. चालकाची बाजू अधिक बसलेली असते. तीस-चाळीस वर्षे भार वाहिलेल्या कमानी इंच-दोन इंच बसलेल्या असतात, बुश झिजून अंडाकृती झालेले असतात, पाट्यांमध्ये गंज धरलेला असतो. त्या उतरवून, पाटे सुटे करून, घासून, मूळ वळण देऊन किंवा मूळ मापाचे नवे पाटे आणून बसविले, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घातले, की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या उंचीवर येते. ज्याला आपण गाडी उंच करणे म्हणत होतो त्याचा निम्मा भाग तेवढ्यात साधतो, आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

बुशांचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवावीत, गाडी आपल्या भाराने दोनचार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच आवळावेत. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतो. दीडदोनशे किलोमीटर चालल्यावर पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट किंचित सैल पडतात. त्यांना तेव्हा पुन्हा एकदा, समोरासमोरचे दोन असे आळीपाळीने, पाना लावावा, आणि फरशीवरची ती चार मापे परत घेऊन पहिल्या मापांच्या शेजारी लिहून ठेवावीत.